नाव बदललं आहे

स्त्री-अभ्यास विभागाच्या प्रवेशाच्या मुलाखतीत "हाच विषय का?" असं विचारलं, तेव्हा मुंगीने पाठ करून आणलेलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. समता, न्याय, आवाज नसलेल्यांचा आवाज वगैरे. समोर बसलेल्या विभागाच्या मोठ्या बाई खूश झाल्या. खरं उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते तिने गिळलं. तुमच्यासाठी.

मुंगी हे तिचं टोपणनाव. चणीने बारीक, कामाला लागली की थांबायची नाही, आणि चावली तर चांगली सूज यायची. नाव आत्याने ठेवलं होतं, या सगळ्या गुणांचा विचार करून.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आईवडिलांच्या नोकऱ्या बदलीच्या, म्हणून मुंगीची शाळा आत्याकडे झाली. आत्याचं चष्म्यांचं दुकान होतं. मागच्या खोलीत ती काचा घासायची आणि पुढे गल्ल्यावर मावशी बसायची. मावशी कुणाची सख्खी मावशी नव्हे. ती आत्याची मैत्रीण, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत आत्याबरोबर राहणारी. गाव लहान. गावाला माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. 'दोघी एकमेकींना धरून आहेत' एवढं म्हणून गाव आपापला चष्मा घेऊन घरी जायचं. झाकली मूठ होती आणि ती झाकलेली राहावी असं सगळ्यांनाच वाटत होतं.

मावशी बोलायला लागली की गिऱ्हाईक कशाला आलोय तेच विसरायचं. "तुमचा नंबर वाढलाय, अक्कल मात्र होती तेवढीच आहे," असं ती तोंडावर म्हणायची आणि माणूस हसत हसत जायचा. मुंगीला तिने नकला करायला शिकवलं, शिट्टी वाजवायला शिकवलं, आणि गणितात नापास झालेल्या प्रगतिपुस्तकावर आत्याची सही हुबेहूब करून दिली.

मुंगी आठवीत होती तेव्हा मोठ्या बाई पहिल्यांदा दुकानात आल्या. शहरातल्या महाविद्यालयात शिकवायच्या, आणि एकत्र राहणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहीत होत्या. कुणाकडून तरी त्यांना या दोघींचा पत्ता लागला होता. आत्या सरळ नाही म्हणाली. मावशीने तिची समजूत काढली.

"अगं, आयुष्यात कधी कुणी विचारलं नाही मला. एक बाई विचारतेय, तर सांगू दे की."

बाई म्हणाल्या, "नावं बदलते, गावही बदलते. तुमच्या सावलीलासुद्धा कुणी ओळखणार नाही."

मग त्या अधूनमधून यायला लागल्या. मावशीने सगळं सांगितलं. दोघी कशा भेटल्या, कशावरून भांडतात, कोण आधी बोलतं. एकदा चहा ओतता ओतता ती म्हणाली, "लहान वयात लग्न लावून दिलं होतं माझं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने पळाले. हे मात्र लिहू नका हं. माझ्या भावाला अजून त्या लोकांत वावरायचं असतं."

"छे छे," बाई म्हणाल्या. दाराआड उभ्या असलेल्या मुंगीने ते ऐकलं.

पुस्तक आलं. नावं बदललेली होती. बाकी सगळं जसंच्या तसं होतं. बसथांब्यासमोरच्या जिन्याखालचं दुकान, यंत्रात सापडून अर्धं राहिलेलं मालकिणीचं बोट, मैत्रिणीच्या हनुवटीवरचा तीळ, आणि मागच्या दाराने पळालेली नवरी. एका वर्तमानपत्राने ते प्रकरण रविवारच्या पुरवणीत छापलं. त्यातलं एक वाक्य पुढे फार गाजलं: 'या दोघी अख्ख्या गावाला दृष्टी देतात, आणि गाव त्यांनाच पाहू शकत नाही.'

त्या रविवारी गावाने पाहिलं.

आधी दुकानाच्या काचा फुटल्या. मग गिऱ्हाईक आटलं. मग मावशीचा भाऊ दोन दांडगी माणसं घेऊन आला आणि तिला जिन्यावरून ओढत नेलं. तिला चष्मासुद्धा घेऊ दिला नाही. चष्म्याशिवाय तिला हाताभरावरचं दिसायचं नाही. ती नुसती हवेत हात फिरवत आत्याला हाका मारत होती, आणि आत्या, जिला एकाने भिंतीशी दाबून धरलं होतं, तिच्या तोंडून आवाजच फुटत नव्हता.

मुंगीचे वडील येऊन मुलीला घेऊन गेले. पण त्याआधी आत्याने बाईंना फोन लावला होता, आणि मुंगी तिला खेटून उभी होती. पलीकडचा आवाज शांत होता, शिकवल्यासारखा.

"हे पाहा, मी नावं बदलली आहेत. समाजाच्या नजरेचं पाप माझ्या माथी कशाला?"

दुसऱ्या आवृत्तीत बाईंनी प्रकरणाला दोन पानं जोडली. दुकान कसं फुटलं, एकीला कसं ओढून नेलं. ती पानं वाचून लोक रडायचे म्हणे. पुस्तक आणखी खपलं.

आत्याने दुकान विकलं आणि दुसऱ्या शहरात एका कारखान्यात काचा तपासायचं काम धरलं. मावशीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मुंगीने मात्र डूख धरला. शाळा संपली, पदवी झाली, दोन नोकऱ्या करून झाल्या, आणि डूख आपला जिथल्या तिथे. शेवटी ती बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली, पदव्युत्तर वर्गाची विद्यार्थिनी म्हणून.

अडचण एकच झाली. बाई शिकवायच्या फर्मास.

विभाग म्हणजे महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीत, प्रयोगशाळेच्या भांडारालगतच्या तीन खोल्या. भिंतींना रसायनांचा वास. बाहेरची मुलं त्याला 'रडगाणं विभाग' म्हणायची. पण बाई फळ्याशी उभ्या राहिल्या की खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी. घरात आईने केलेलं काम हे काम का धरत नाहीत, इथून त्या सुरुवात करायच्या आणि तास संपता संपता अख्ख्या जगाची शिवण उसवून ठेवायच्या. कुणी कुणावर प्रेम करावं हे ठरवायचा हक्क भावाकडे कसा गेला, शेजाऱ्याकडे कसा गेला, हे त्यांनी एकदा असं उलगडून सांगितलं की मुंगीला जिन्यावरचा तो दिवस पहिल्यांदा नीट कळला. तिच्याकडे इतकी वर्षं नुसता संताप होता. आता त्याला शब्द मिळाले, आणि ते बाईंकडून मिळाले, याची तिला स्वतःचीच चीड आली. घरी जाऊन ती कपडे असे आपटून धुवायची की मालकीणबाई वरून विचारायची, "कुणाचा जीव घेतेयस गं?"

वर्गात तिला एकच मित्र मिळाला. सडपातळ, सतत "मुद्दा असा आहे" म्हणणारा मुलगा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे. तो त्याच्या जोडीदाराबरोबर एका खोलीत राहायचा आणि घरमालकाला आपण मावसभाऊ आहोत असं सांगायचा. मुंगीने त्याला सगळं सांगितलं. 

"मुद्दा असा आहे," तो म्हणाला, "मी शाळेत होतो तेव्हा ते पुस्तक वाचलं. तुझ्या आत्या-मावशीचंच प्रकरण. जगात आपण एकटेच नाही हे मला तेव्हा कळलं. नाहीतर मी काय केलं असतं कुणास ठाऊक."

"मग त्यासाठी माझ्या मावशीला जिन्यावरून ओढायचं?"



दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय द्यायची वेळ आली. मुंगीने विषय दिला, 'अभ्यासक बायका आणि त्यांची घरं'. स्त्रियांवर लिहिणाऱ्या बाया घरी कशा राहतात? पहिली मुलाखत कुणाची, हे विचारायची गरजच नव्हती. बाईंचा चेहरा खुलला. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांना बोलतं केलं होतं. त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

पण त्याआधी मुंगी आत्याकडे गेली. कारखान्याची सुट्टी होती. आत्या खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. मुंगीने तिला काय करणार आहे ते सांगितलं आणि म्हणाली, "तू नको म्हणालीस तर इथेच थांबते."

आत्याने टोपली बाजूला ठेवली. "माझ्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. तिच्याबद्दल अर्धंसुद्धा नाही. बाईचं काय करायचं ते कर." थोड्या वेळाने म्हणाली, "मी ऐकायला येणार."

बाईंचं घर प्रशस्त होतं. पुढच्या खोलीत खुर्चीवर त्यांचे यजमान बसलेले असायचे, निवृत्त अभियंते. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, बाईसुद्धा. पहिल्या दोन भेटींत बाईंनी लढ्यांच्या गोष्टी सांगितल्या, परदेशातल्या परिषदांच्या सांगितल्या. तिसऱ्यांदा मुंगी जरा लवकर पोचली. दार उघडंच होतं. बाई साहेबांच्या खुर्चीसमोर हात पुढे करून उभ्या होत्या, शाळेत छडी खायला उभं राहावं तशा.

साहेबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. "भाजी झाली?"

"झाली."

"माझी औषधं?"

"डबीत लावून ठेवलीत."

"सदऱ्याचं बटण?"

"लावलं."

मग साहेबांनी खिशात हात घालून एक किल्ली काढली आणि त्यांच्या तळहातावर टाकली. ती अभ्यासिकेची किल्ली होती. बाई वळल्या आणि दारात मुंगीला पाहून जागच्या जागी थिजल्या.

अभ्यासिकेत गेल्यावर त्या बराच वेळ पुस्तकं सारखी करत राहिल्या. मग आपणहून बोलायला लागल्या. पहिलं पुस्तक आल्यापासून हे असंच चाललं होतं. 'आधी घर, मग तुझं खूळ,' असं साहेब म्हणाले होते आणि खोलीला कुलूप घातलं होतं. एकदा चिडून त्यांनी कितीतरी महिने किल्ली दिलीच नाही. त्या महिन्यांतलं पुस्तक बाईंनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, उभ्याने लिहिलं. बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. वर्गात फळ्याशी उभी राहणारी बाई ती ही नव्हतीच.

"सोडून का नाही दिलंत?" मुंगीने विचारलं.

"सगळं जग माझ्याकडे पाहतं गं. हिचंच घर मोडलं, म्हणाले असते. ज्यांना हा विषय नकोच आहे त्यांना आयतं कोलीत मिळालं असतं." त्यांनी डोळे पुसले. "हे मात्र लिहू नकोस हं."

 मुंगीला दया आली, खरोखर आली. आणि मग तिला चहाची किटली धरलेला मावशीचा हात दिसला.

"छे छे," ती म्हणाली.

पुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या निमित्ताने महाविद्यालयाच्या सभागृहात दिवसभराची परिषद होती. गावोगावचे प्राध्यापक आले होते. पहिल्या रांगेत साहेब, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. सकाळच्या सत्रात बाईंच्या लाडक्या विद्यार्थिनीने, म्हणजे मुंगीने, निबंध वाचायचा होता. त्याआधी बाहेर चहा चालला होता. आत्या एका कोपऱ्यात कप घेऊन उभी होती. सगळ्यांची विचारपूस करत बाई तिच्यापर्यंत आल्या.

"आपण कुठल्या महाविद्यालयातून?"

आत्या त्यांच्याकडे पाहत राहिली. जिच्यावर इतकी पानं लिहिली, तिचा चेहरा बाईंना आठवत नव्हता.

"मी तुमच्या तिसऱ्या प्रकरणात असते," आत्या म्हणाली.

बाई मनापासून हसल्या. "वा! असे वाचक भेटले की बरं वाटतं." आणि पुढच्या घोळक्याकडे गेल्या.

मुंगी हे लांबून पाहत होती. तिने निबंधाचे कागद घेतले आणि सभागृहात जाऊन व्यासपीठावर चढली. 

तिने वाचायला सुरुवात केली. 'एक अभ्यासक. नाव बदललं आहे, आपण त्यांना क्ष म्हणू. उजव्या कानामागून निघणारी एक पांढरी बट, बोलताना खडू दोन बोटांत फिरवायची सवय. प्रयोगशाळेच्या भांडारालगत त्यांनी या विषयाचा एक विभाग उभा केला...' सभागृहात हलकीशी खसखस पिकली. लोकांना वाटलं, गौरव चाललाय. बाईसुद्धा लाजून हसल्या. मग किल्ली आली. भाजी आली, औषधाची डबी आली, सदऱ्याचं बटण आलं. हसणं एकेका रांगेतून मागे सरत गेलं. मुंगी सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचत होती. 'त्या हजारो बायकांना दार उघडायला शिकवतात, आणि रोज सकाळी स्वतःच्याच दाराची किल्ली मागतात.'

साहेब उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि ते कुणाकडे न बघता निघून गेले. ते गेले त्या दाराकडे सगळ्यांच्या माना वळल्या, आणि मग बाईंकडे.

बाई उभ्या राहिल्या. "तू... परवानगी घेतली होतीस माझी?"

"नाव बदललं आहे मी, बाई," मुंगी म्हणाली. "समाजाच्या नजरेचं पाप माझ्या माथी कशाला?"

सभागृहात कुणाला त्याचा अर्थ लागला नाही. बाईंना लागला. त्यांची नजर रांगांवरून मागे मागे सरकत गेली आणि शेवटच्या रांगेत, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलेल्या अर्ध्या बोटाच्या हातावर जाऊन थांबली. त्या खाली बसल्या. मुंगीने तो चेहरा डोळे भरून पाहून घेतला. इतक्या वर्षांची तहान होती.

पण ती तहान भागली असं म्हणायच्या आतच भलतं घडलं. बाई त्या दिवशी घरी गेल्याच नाहीत. आधी मैत्रिणीकडे राहिल्या, मग एक खोली भाड्याने घेतली. आणि काही दिवसांत वर्तमानपत्रात त्यांचा मोठा फोटो आला, नव्या खोलीच्या उघड्या दारात उभ्या असलेल्या. 'माझ्या विद्यार्थिनीने माझं दार उघडलं,' असा मथळा. ठिकठिकाणी त्यांची भाषणं व्हायला लागली. बायका त्यांना मिठ्या मारून रडायच्या. नवी आवृत्ती हातोहात संपली आणि तिच्या आणखी प्रती छापल्या गेल्या.

मुंगीने ते वर्तमानपत्र चुरगाळून भिंतीवर फेकलं. "मी मारायला दगड उचलला, आणि बाईने त्याची पायरी केली!"

"मांजर आहे ती," आत्या म्हणाली. "कशीही फेक, पायांवरच पडते."

बाईंनी मुंगीला खोलीवर बोलावलं. खोलीत एक टेबल, एक खाट आणि पुस्तकांची खोकी होती. त्या थकलेल्या पण हलक्या दिसत होत्या.

"रागावले होते मी तुझ्यावर. पण आता वाटतं, फिटंफाट झाली. नाही का?"

"ते प्रकरण पुस्तकातून काढा," मुंगी म्हणाली. "मग फिटंफाट."

"तेवढं सोडून बोल. त्या प्रकरणावर पुस्तक उभं आहे. किती मुलामुलींना आधार झालाय त्याचा, तुला कल्पना नाही. तुझ्या मावशीने जे बलिदान दिलं..."

"तिने दिलं नव्हतं, बाई. तुम्ही घेतलंत."

 बाईंनी विषय बदलला. साहेबांनी महाविद्यालयाकडे तक्रार केली होती, घरातली खाजगी गोष्ट विनापरवानगी चव्हाट्यावर आणल्याची. चौकशी समिती नेमली गेली होती आणि मुंगीची पदवी टांगणीला लागली होती.

"तू काळजी करू नकोस," बाई म्हणाल्या. "परवानगी मीच दिली होती, असं सांगते मी. तक्रार जागच्या जागी मरेल. तू फक्त जुनं काही काढू नकोस."

मुंगी जिना उतरली ती थेट वकिलाकडे गेली. त्याला वाटलं, सुटली. तो म्हणाला, "घे आणि गप्प बस. प्राचार्य टपून बसलेत विभाग बंद करायला. जुनं उकरलंस तर तुझी पदवी जाईल, आणि आमच्या डोक्यावरचं छप्परही जाईल."

"एकाला देव प्रसन्न झाला होता," मुंगी म्हणाली. "माग काय हवं ते, तुझ्या शेजाऱ्याला दुप्पट देईन, म्हणाला. त्याने काय मागितलं?"

"माझा एक डोळा फोड." वकिलाने कपाळावर हात मारला. "मूर्ख होता तो, मुंगी."

"असेल."

समिती प्राचार्यांच्या दालनात बसली. मधोमध प्राचार्य, दोन्ही बाजूंना दोन ज्येष्ठ प्राध्यापक आणि विभागातल्या एक तरुण मॅडम, ज्या सारखं पाणी पीत होत्या. बाईंनी ठरल्याप्रमाणे सांगितलं, "मी तिला लिहायची परवानगी दिली होती." प्राचार्यांनी मान डोलावली. त्यांनाही हे प्रकरण मिटायला हवं होतं, निदान त्या दिवशी.

"तुला काही सांगायचंय?" त्यांनी मुंगीला विचारलं.

"हो सर. बाई खोटं बोलतायत. 'हे लिहू नकोस' असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मी शब्द दिला आणि मोडला."

बाईंनी चमकून वर पाहिलं.

"हा गुन्हा आहे का?" मुंगीने विचारलं.

"म्हणजे काय, आहेच!" एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले. "संशोधनात याच्याहून वाईट काही नाही."

"नाव बदललं असलं तरी?"

"माणूस ओळखू येत असेल तर नाव बदलून काय उपयोग?"

"शिक्षा काय?"

"प्रबंध रद्द होईल. पदवी मिळणार नाही."

"मान्य आहे. लिहून घ्या," मुंगी म्हणाली. "आता बाहेर एक बाई बसल्यात, त्यांना आत बोलवा. त्यांचीही अशीच एक तक्रार आहे."

आत्या आत आली. तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. जिन्यावर जिच्या तोंडून आवाज फुटला नव्हता, ती त्या दिवशी त्या खोलीत बोलली. आवाज चढवला नाही, रडली नाही. बाई कधी आल्या, काय कबूल केलं, 'लिहू नका' म्हटलेलं काय छापलं, आणि मग कोण आलं, कुणाला नेलं, एवढं सांगितलं. शेवटी ती बाईंकडे वळली. "तुम्ही किल्ली मागत होतात, त्याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? पण तुम्हाला घराबाहेर पडून भाषणं करता आली. माझ्या माणसाला नाही आली."



तरुण मॅडमनी ग्लास खाली ठेवला. "आत्ताच आपण म्हणालो, सर," त्या म्हणाल्या, "याच्याहून वाईट काही नाही. विद्यार्थिनीला एक न्याय आणि बाईंना दुसरा, असं नाही करता येणार."

प्राचार्यांनी विभाग बंद करायची भाषा करून पाहिली. पण तरुण मॅडमनी धीर धरला आणि वकिलाने बाहेर शंभरेक मुलं गोळा करून मुद्दे मांडले. विभाग वाचला. पुस्तक महाविद्यालयाच्याच प्रकाशनाने काढलं होतं. ते प्रकरण काढून छापू, असं बाईंना सांगण्यात आलं. त्या म्हणाल्या, ते प्रकरण नसेल तर पुस्तकच नको. मग पुस्तक मागे घेतलं गेलं. बाईंचं विभागातलं पद गेलं, भाषणांची बोलावणी आपोआप थांबली. त्याच वर्तमानपत्राने सगळी हकीकत छापली, आणि या वेळी दाराचा फोटो नव्हता. मुंगीला पदवी मिळाली नाही.

गोदामातल्या प्रती रद्दीच्या गाडीत चढवायच्या होत्या, तेव्हा मुंगी स्वतः गेली. गठ्ठे उचलून उचलून तिची पाठ मोडून आली. वकील मदतीला आला होता, पण त्याचं तोंड उतरलेलं होतं. जाता जाता त्याने एक गठ्ठा उगाच हातात धरून ठेवला, मग तोही गाडीत टाकला.

"बरं वाटलं का?" त्याने विचारलं.

"हो," मुंगी म्हणाली. "फार."

ती आता एका महिला मदत केंद्रात काम करते. फोन घेते, ऐकते, आणि समोरची "हे कुणाला सांगू नका" म्हणाली की पेन खाली ठेवते. एकदा बाजारात तिला बाई दिसल्या. हातात पिशवी होती, पांढरी बट आता अख्ख्या डोक्यावर पसरली होती. मुंगीला पाहून त्यांनी रस्ता ओलांडला. मुंगीने आत चाचपून पाहिलं, कुठे काही टोचतंय का. टोचत नव्हतं.

आत्याचं मात्र वेगळंच सुरू झालं. समितीसमोर बोलून आल्यापासून ती, मुंगी सुट्टीत तिच्याकडे आली की, मावशीबद्दल बोलायला लागली, जेवताना, कपडे वाळत घालताना. आणि अशाच एका सुट्टीत सकाळी कुणाला न सांगता बस पकडून मावशीच्या भावाच्या गावी गेली. मुंगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दारात येरझाऱ्या घालत होती.

आत्या एकटीच परत आली. चपला काढल्या, पाणी प्यायली.

"भेटली?"

"भेटली. भाऊ गेल्या वर्षी वारला. वहिनी चांगली आहे. ही तिथे पोरांच्या शिकवण्या घेते. पार म्हातारी झालीये गं. पण तोंड तसंच. मला म्हणाली, एवढी वर्षं कुठे मेली होतीस?"

"मग? आणलं का नाहीस तिला?"

"येत नाही म्हणाली. आता इथेच बरं आहे, म्हणाली. तूच येत जा." आत्याने पाण्याचं भांडं पालथं घातलं. "जाणार मी. दर सुट्टीला."

 मुंगीला राहवलं नाही. "आणि बाईंचं? सांगितलंस?"

"सगळं सांगितलं. सदऱ्याच्या बटणापर्यंत." आत्याच्या तोंडावर कितीतरी वर्षांनी हसू फुटलं, वाकडं आणि पोटभर. "पोट धरून हसली गं ती. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, वहिनी पाणी घेऊन धावत आली. आणि जरा श्वास घेतला की मला म्हणायची, पहिल्यापासून सांग, परत पहिल्यापासून सांग."